बाबांचं छापून आलेलं पत्र

रशियाचं हिंदी मासिक आमच्या मिलवाल्या वस्तीतल्या, परदेशीपुऱ्यातल्या, बऱ्याच घरांत यायचं, आणि आमचं घर सोडून बाकी सगळीकडे त्याची वह्यांना कव्हरं व्हायची. कागद जाड, गुळगुळीत, रंग झकास. वर्गात मैत्रिणींच्या वह्यांवर हसऱ्या ट्रॅक्टरवाल्या बायका असायच्या आणि माझ्या वहीवर कालच्या पेपरातली हरवले-सापडले. बाबा एक पान फाडू द्यायचे नाहीत. मला त्याचा भयंकर राग यायचा.

बाबा मिलच्या टाइम ऑफिसात कारकून होते आणि लाल बावट्याच्या युनियनमध्ये पूर्ण बुडालेले. युनियनची वाचनालय म्हणवणारी एक खोली होती. तिथे दर रविवारी सकाळी ते मासिकातला एखादा लेख मोठ्यानं वाचून दाखवत. पोहे खाऊन आलेले पंधरा-वीस कामगार जांभया देत ऐकत.

मिलच्या गेटापाशी युनियनचा लाकडी बोर्ड होता. दर सोमवारी त्यावर हातानं लिहिलेला मोठा कागद लागायचा. मजकूर बाबांचा, अक्षर माझं. कॉलेजात असल्यापासून मी ते काम करत होते, कारण माझं अक्षर बरं होतं आणि बाबांची हिंदी मराठीच्या कुबड्या घेऊन चालायची.

मग कधीतरी मासिकाचा सूर बदलला. गव्हाच्या शेतांच्या जागी वाचकांची पत्रं येऊ लागली. दुकानात साबण का मिळत नाही, कारखान्याचा साहेब खोटे आकडे का पाठवतो, आमच्या बापांचं काय झालं ते आमच्यापासून का लपवलं. बाबांना आधी वाटलं, छपाईत काहीतरी गडबड झाली असावी. पुढच्या अंकात आणखी पत्रं आली. त्या रविवारी ती वाचताना त्यांचा आवाज भरून आला. असं मी तोवर पाहिलं नव्हतं, आजी गेली तेव्हाही नाही.

"ही खरी हिंमत," ते घरी येऊन म्हणाले. "स्वतःच्या माणसांना खरं सांगायची."

त्यांनी संपादकांना पत्र लिहिलं. मीच ते सुवाच्य करून दिलं. 'जो अपने लोगों से सच नहीं छिपाता, उसे किसी से डरने की ज़रूरत नहीं,' असं त्यातलं एक वाक्य होतं. मला ते तेव्हा आवडलं होतं, हे कबूल करते.

त्यानंतर काही महिन्यांनी आमची मिल बंद पडली. आधी कापूस नाही म्हणाले, मग वीज नाही, मग नुसतंच कुलूप. कामगार रोज सकाळी सवयीनं गेटावर जायचे, बोर्ड वाचायचे आणि चहा पिऊन परत यायचे.

एका संध्याकाळी युनियनचे सेक्रेटरी घरी आले. मी आत पोळ्या करत होते, बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. भोपाळला सरकारदरबारी ठरून गेलं होतं, मिल आता उघडायची नाही. "मगर अभी बोर्ड पर नहीं आना चाहिए, कॉमरेड," ते म्हणाले. लोकांना कळलं तर ते पांगतील, आणि पांगले की वाटाघाटीत आपलं कुणी ऐकणार नाही. बाबांनी हातातला पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाले, "ठीक आहे."

त्या सोमवारचा मजकूर एवढाच होता: 'बातचीत जारी है। साथी धीरज रखें।'

"बाबा, हे खरं नाहीये."

"खोटं पण नाही. बोलणी चालूच आहेत."

"मिल उघडण्याची?"

ते चष्मा पुसत बसले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मी कागद पसरला आणि लिहिलं. एवढंच नाही, 'धीरज'च्या खाली लाल शाईनं रेघही मारली. तशी माझी सवयच होती.

शेजारी एक काका राहायचे. साचे खात्यात विणकर, बाबांच्या रविवारच्या वाचनाला कधी न चुकणारे. बोर्ड ते अक्षराखाली बोट फिरवत वाचायचे. त्याच आठवड्यात त्यांच्या मेहुण्यानं त्यांच्यासाठी पीथमपूरच्या एका नव्या कारखान्यात जागा पाहिली. शनिवारपर्यंत हो-नाही सांगायचं होतं, आणि जायचं तर मिलचा राजीनामा देऊन. वीस वर्षांची नोकरी सोडायला त्यांचा हात धजत नव्हता.

अंगणातल्या नळावर मी बादली भरत होते तेव्हा ते आले.

"बेटा, एक सच-सच सांग. बोर्ड तर तूच लिहितेस ना? मिल चालू होणार का? तुला काही अलग माहीत असेल तर बोल. मी कुणाला नाही सांगणार."

बादली भरून वाहू लागली होती. मी नळ बंद केला.

"बोर्डवर आहे तेवढंच मला माहीत, काका."

"बस, मग थांबतो," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला स्पष्ट दिसला. शनिवारी त्यांनी मेहुण्याला नाही कळवलं.

आणि पुढच्याच आठवड्यात मासिकाचा अंक आला, त्यात बाबांचं पत्र छापलेलं. खाली नाव, गाव, सगळं. काकांना इतका आनंद झाला की त्यांनी गेटावर जलेबी वाटली. "देखो भिया, आपल्या कॉमरेडचं लिखाण रूसमध्ये छापून आलं!" ते पान त्यांनी फ्रेम करून वाचनालयात लावलं. बाबा तीन रविवार तापाचं निमित्त करून तिकडे फिरकले नाहीत.

मिल उघडली नाही. बोर्डवर ते लिहिलं तेव्हा दोन महिने उलटले होते आणि पीथमपूरची जागा भरली होती. नव्या कारखान्यांना चाळिशीच्या पुढचे विणकर नको होते. काकांनी भाजीची गाडी लावून पाहिली, मग पुढे विजय नगरात एका शोरूमच्या दारात ढगळ युनिफॉर्म घालून स्टुलावर बसू लागले. आमच्या घराविषयी त्यांच्या तोंडून कधी वाकडा शब्द निघाला नाही. निघाला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

तिकडे तो देशच उरला नाही. मासिक बंद झालं. युनियनची खोली रिकामी करायची वेळ आली तेव्हा काका ती फ्रेम स्वतः पुसून, पिशवीत घालून घरी घेऊन आले.

"ठेवा, कॉमरेड. कबाड्याला कशाला द्यायची. एक-एक लाइन खरी आहे यातली."

बाबांनी फ्रेम हातात घेतली आणि मांडीवर पालथी ठेवली. मी चहा आणला होता.

"मला माहीत होतं," बाबा म्हणाले. "मिल उघडणार नाही हे. तुम्ही पीथमपूरला नाही म्हणालात त्याच्या आधीपासून. तरी तसं लिहिलं."

काका चहाच्या कपाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता उठतील, काहीतरी फोडतील, निदान ओरडतील तरी. त्यांनी मान वर करून आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"पोरीला तर माहीत नव्हतं ना?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नाही," ते म्हणाले. "तिला मी सांगेन तेवढंच ती लिहायची."

"बस," काका म्हणाले. "मग ठीक आहे."

त्यांनी उरलेला चहा संपवला. मी कपबश्या उचलल्या आणि आत गेले.