गारखेड्याच्या खोलीतलं नाटक

ह्यांनी नाटकात काम करायचं ठरवलं तेव्हा आम्ही गारखेड्यात एका खोलीत राहत होतो. खोली घरमालकिणीच्या स्वयंपाकघराला लागून होती. मधली भिंत एका विटेची. तिकडं तिनं मिरचीची फोडणी दिली की इकडं मला ठसका लागायचा.

खोली मिळाली ती अर्धं खरं सांगून. मालकिणीनं विचारलं, "कोण तुम्ही?" हे म्हणाले, "पाचोडकडचे. सासरे मेंढरं राखतात." माझा बाप मेंढरं राखायचा हे खरंच होतं. ती मेंढरं दुसऱ्याची होती आणि आम्ही बौद्ध होतो, हे ते बोलले नाहीत. तिनं आम्हाला धनगर धरलं. "मग ठीक. सध्या लई बघून खोली द्यावी लागती," म्हणाली आणि किल्ली दिली.

विद्यापीठाच्या नावावरून तेव्हा सगळीकडं पेटलेलं होतं. गावाकडं आमच्या वस्तीतली घरं जळाली, त्यात माझ्या आईचंही गेलं. शहरात आपल्या लोकांच्या वस्त्या होत्या, पण गाव सोडून आलेली माणसं तिथं एका खोलीत दोन दोन चुली मांडून राहत होती. ह्यांना चिकलठाण्याच्या कारखान्यात नुकतं कायम केलं होतं. पोरगी पहिलीत जात होती. ही खोली सुटली तर कुठं जायचं, हा विचार मी रोज पीठ मळताना करायची. आमची तसबीर पेटीत तळाला, साड्यांच्या खाली होती. महिन्यातून एकदा दार लावून मी ती पुसायची.

मालकीण वाईट नव्हती, हेच अवघड होतं. पोरगी तापली तेव्हा तीच तिला मांडीवर घेऊन बसली होती. तिला वाचता येत नसे. मी चौथी शिकलेली, म्हणून तिच्या लेकीची पत्रं आणि रोजचा पेपर मीच वाचून दाखवायची. ओट्यावर बसून, चहा पीत. मोर्चाची बातमी आली की ती म्हणायची, "ह्या लोकांना नाव कशाला पाहिजे? भाकर मागा म्हणावं."

मी "व्हय" म्हणायची आणि पुढची बातमी वाचायची.

नाटक कामगारांच्या स्पर्धेतलं होतं. एकट्यानं तासभर करायचं. आमच्यातूनच वर आलेल्या एका मोठ्या लेखकाचं आयुष्य ह्यांच्या कारखान्यातल्या मित्रानं लिहून काढलं होतं. त्या लेखकाची आई, बाप, मास्तर, बायको, सगळी माणसं ह्यांनीच व्हायचं. शंभर पानी वही होती. ती धरायला मी.

तालमीला जागा नव्हती. मैदानावर पोरं जमायची. पहिली पाळी सुटली की हे घरी यायचे, हातपाय धुवायचे, आणि खोलीच्या मधोमध उभे राहून सगळं नाटक दबक्या आवाजात म्हणायचे. मी पेटीवर वही घेऊन बसायची. एखादं वाक्य सुटलं तर ओठ हलवून सांगायची. त्यांचा आवाज चढू लागला की मी तळवा खाली करायची. भाकरी थापताना हात जसा खाली येतो तसा. ते लगेच आवाज उतरवायचे. दोन महिने असं चाललं.

एकदा मालकिणीनं ओट्यावर विचारलं, "काय गं, तुझा नवरा दुपारचा कुणाशी कुजबुजतो?"

"पाठ करतात. नाटक आहे."

"कुणाचं?"

"एका लेखकाचं. एकट्यानंच करायचंय."

"अन् तू काय करतीस त्यात?"

"वही धरते."

ती हसली. "बरंय. वही धरायला तरी बायको ठेवली त्यानं."

नाटकात एक जागा होती. लेखक लहानपणी शाळेत असताना साहेब तपासणीला येतो आणि त्याला विचारतो, तू कोण? पोरगा उभा राहून स्वतःचं नाव सांगतो, बापाचं सांगतो, आणि मास्तर डोळ्यांनी नको म्हणत असताना आपली जात सांगतो. वहीत तिथं लाल शाईनं लिहिलं होतं, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज. त्या ओळीला माझा तळवा रोज खाली जायचा. ह्यांचे नुसते ओठ हलायचे. भिंतीपलीकडं मालकिणीचा पाटा वाजत असायचा.

एका दुपारी पाट्याचा आवाज नव्हता. हे म्हणाले, "आज एकदा मोठ्यानं म्हणू दे. बाई बाजारात गेली असेल."

मी दाराबाहेर डोकावून आले. "चपला आहेत," म्हटलं.

ते पुढच्या पानावर गेले.

स्पर्धेचा दिवस आला. दुपारचा प्रयोग होता. गल्लीतलं कुणी येणार नव्हतं, हे मी आठ दिवस आधीपासून चाचपून ठेवलं होतं. मालकिणीला, "लांब आहे, आणि बायकांनी बघावं असं काही नाही त्यात," असं सांगून टाळलं होतं. मी पडद्याच्या बाजूला, विंगेत स्टुलावर वही घेऊन बसले. हे उजेडात गेले आणि सुरू झाले. पाच मिनिटंही झाली नसतील, मागून कुणीतरी ओरडलं, "आवाज." मग चार-पाच जण ओरडले. कुणीतरी म्हणालं, "भाऊ, आमी बी हाय इथं." लोक हसले.

ह्यांनी आवाज काढला. मग तो पुन्हा खाली आला. एवढे दिवस नाटक जसं अंगात गेलं होतं तसंच ते बाहेर येत होतं. दर दोन वाक्यांनी ते विंगेकडं बघत होते. त्यांना काय पाहिजे ते मला कळेना. वहीत बघावं तर एक शब्दही सुटलेला नव्हता. मग साहेब शाळेत आला, पोरगा उभा राहिला, ह्यांनी छाती भरून श्वास घेतला, माझ्याकडं पाहिलं, आणि तो श्वास तसाच सोडून दिला. तेव्हा मी माझ्या हाताकडं बघितलं. तो वहीवरून उठून हवेत होता. तळवा खाली.

पहिल्या वाक्यापासून मी त्यांना हळू, हळू म्हणत होते.

मला ओरडून सांगता आलं असतं. ओळ मला पाठ होती. पण माझ्या तोंडून आवाज निघाला नाही. मी वही खाली ठेवली आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यावर बसले. ह्यांनी ते पाहिलं.

मग ते बोलले. नाव, बाप, जात. मागचे लोक गप्प झाले. एवढा आवाज त्यांच्यात आहे हे मला लग्नाला आठ वर्षं होऊनही माहीत नव्हतं.

अभिनयाचं बक्षीस मिळालं. तिसऱ्या दिवशी पेपरात ह्यांचा फोटो आला. मला ठाऊक नव्हतं. मालकीण पेपर घेऊन माझ्या आधीच ओट्यावर बसली होती. "हा तुझाच नवरा नाय का? वाच, वाच. मोठ्यानं वाच."

बातमी पाऊण रकान्याची होती. मी आधी डोळ्यांनी खालपर्यंत गेले. त्यात लेखकाचं नाव होतं. "स्वतः त्याच समाजातून आलेल्या या कामगार नटाने" असं होतं, आणि ह्यांचं आडनाव, गावासकट. पोरगी आत पाटीवर अक्षरं गिरवत होती. ह्यांना त्या आठवड्यात दुसरी पाळी होती, ते डबा बांधत होते.

मी वाचलं, "कामगार नाट्यस्पर्धेत एकपात्री प्रयोगाला अभिनयाचे बक्षीस. प्रेक्षकांनी टाळ्यांनी दाद दिली."

"एवढंच? छापलंय तर इतकं लांब."

"खाली दुसऱ्यांची बक्षिसं आहेत."

तिनं फोटोवर बोट फिरवलं. "गुणाचा आहे गं. आम्ही माणूस बघूनच खोली देतो." मग आत जाऊन तिनं वाटीभर शिरा आणला.

मी वाटी घेऊन खोलीत आले. भिंत एका विटेची होती, ह्यांना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांनी डबा पिशवीत घातला. "शिरा पोरीला दे," म्हणाले आणि सायकल काढली.

नंतर तीन वर्षं आम्ही त्याच खोलीत राहिलो. नाटकाचा प्रयोग दुसऱ्या गावांतूनही लोक मागत होते, पण ह्यांनी तो पुन्हा केला नाही. का, ते मी विचारलं नाही. आता आमचं स्वतःचं घर आहे, मुकुंदवाडीला, आणि तसबीर समोरच्या भिंतीवर आहे. वही माझ्याकडंच आहे. घरात कुणी नसलं की मी ते लाल शाईचं पान काढते आणि वाचते. मोठ्यानं वाचायचं म्हणून बसते. नुसते ओठ हलतात.