डेन्मार्कच्या कुंभाराचा परवाना

परदेशी विद्यार्थ्याच्या परवान्यावर एक ओळ असे: ‘केवळ शिक्षणासाठी. नोकरी वा मजुरी करण्यास मनाई.’ ही ओळ मला आजही पाठ आहे. एका सकाळी तिने मला केळझरच्या कुंभाराच्या अंगणात घामाने आंघोळ घातली होती.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. वर्ध्याच्या एका ग्रामोद्योग विद्यालयात मी शिक्षक होतो, आणि तोडकंमोडकं इंग्रजी येतं या एकाच गुन्ह्यापायी परदेशी विद्यार्थ्यांचे सगळे कागद माझ्या गळ्यात होते. त्या साली डेन्मार्कहून एक लांबलचक तरुण आला. शेवटचे तीन महिने प्रत्यक्ष कारागिराच्या हाताखाली काढले की प्रमाणपत्र. ते घेऊन गेला तरच त्याच्या गावच्या शाळेत त्याला हस्तकलेचा शिक्षक म्हणून घेणार होते. मी त्याला केळझरच्या एका म्हाताऱ्या कुंभाराकडे धाडलं आणि निर्धास्त झालो.

दोन महिन्यांनी पोलिसांकडे निनावी चिठ्ठी गेली: गोरा माणूस कुंभाराकडे मजुरी करतो. ठाणेदारांनी मला जीपमध्ये बसवलं. चिठ्ठी खरी निघाली तर परवाना रद्द, आठवड्याच्या आत देशाबाहेर.

‘‘साहेब, शिकणं आणि मजुरी यांत फरक असतो,’’ मी वाटेतलं सेलू येईपर्यंत तीनदा म्हणालो.

‘‘मास्तर, तो फरक मी डोळ्यांनी पाहीन,’’ ते म्हणाले.

पोहोचलो तेव्हा आमचा विद्यार्थी चाकावर होता. गुडघे कानांजवळ, कोपरापर्यंत चिखल. ठाणेदारांनी डायरी काढली आणि कुंभाराला विचारलं, ‘‘हा काय करते इथं?’’

म्हाताऱ्याला वाटलं, पोराच्या आळसाची तक्रार गेली. तो हात जोडून त्याच्या मदतीला धावला. ‘‘साहेब, नाव ठेवाले जागा नाई! सकाळी माती तुडवते, पाणी आणते, मंग चाकावर बसते. माह्या दोन पोरांचं काम एकटा करते!’’

मी खोकलो. कुंभारणीने माझ्याकडे पाहिलं. ‘‘गुरुजी, ठसका लागला का? पाणी देऊ?’’ आणि पाणी आणायच्या आधी तिने भर घातली, ‘‘मी कालच म्हटलं, बाबू, बस्स कर आता. आयकतच नाई!’’

डायरीत पेन्सिल चालली होती.

‘‘जेवते कुठं?’’

‘‘आमच्याच घरी. एवढ्या कामाच्या माणसाले उपाशी ठेवाव का?’’

‘‘म्हणजे जेवणावर कामाले आहे,’’ ठाणेदार म्हणाले आणि तेही लिहिलं. मी इतका खोकलो की खरंच ठसका लागला.

एवढ्यात विद्यार्थ्याला कळलं की चौकशी त्याचीच आहे. तो उठला, छाती पुढे काढली आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, ‘‘मी खूप काम करतो!’’

‘‘आणि तू केलेल्या मडक्यांचं काय होतं?’’

‘‘बाजारात जातात!’’ केवढा अभिमान त्या चेहऱ्यावर!

आता म्हातारा उगाच चाकावरचा चिखल खरवडू लागला. कुंभारणीने पदर सावरला आणि जमिनीकडे पाहू लागली. ठाणेदारांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, डायरी मिटली. ‘‘मास्तर, याचं सामान बांधा.’’

‘‘सामान काऊन?’’ कुंभारीण उसळली. ‘‘एक मडकं नाई गेलं त्याचं बाजारात!’’

‘‘चूप नं वं!’’ म्हातारा ओरडला.

‘‘काऊन चूप राहू? पोराले हाकलून राह्यले!’’ आणि ती आम्हाला घरामागे घेऊन गेली. ओल्या गोणपाटाखाली मातीचा ढीग होता. त्यात आदल्या दिवशीची मडकी, काही अर्धी चेपलेली, काही चेपायची राहून गेलेली, शाबूत. प्रत्येकाच्या गळ्यावर आमच्या विद्यार्थ्याने काडीने एक मासा कोरलेला.

‘‘शिकणाऱ्याचं मडकं आमी भट्टीत लावत नाई, साहेब,’’ म्हातारा खाली मान घालून म्हणाला. ‘‘ते फुटते, अन् शेजारच्या चार मडक्यांले घेऊन जाते. हात बसेपर्यंत सगळं परत मातीत.’’

म्हणजे हा रोज संध्याकाळी मंदिराजवळच्या धर्मशाळेत मुक्कामाला गेला की हे दोघं त्याची मडकी चेपत, आणि सकाळी तोच येऊन ती माती तुडवी. दोन महिने!

‘‘त्याले सांगतलं काऊन नाई?’’ ठाणेदारांनी विचारलं.

‘‘पाहुणा आहे. किती दुरून आला. वाईट वाटलं असतं त्याले,’’ म्हातारा म्हणाला.

ठाणेदार शेवटी पोलीसच. ते भट्टीतून निघालेल्या मडक्यांच्या रांगेत वाकून एकेक गळा तपासू लागले. रांग मोठी होती. मी मनातल्या मनात केळझरच्या गणपतीला नारळ कबूल केला, मग दुसराही. मासा कुठेच निघाला नाही.

‘‘किती दिवसांत शिकन हा?’’ त्यांनी कंबर सरळ करत विचारलं.

‘‘खरं सांगू? सहा महिने तं लागतीनच.’’

ठाणेदारांनी मघाचा मजकूर खोडला, वाचून दाखवत नवा लिहिला: ‘तयार माल नाही. शिक्षण चालू.’ मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘मुदतवाढीचा अर्ज करून ठेवा, मास्तर. लागन.’’ जीपकडे जाताना त्यांच्या मिशा हलत होत्या.

आता विद्यार्थी मला विचारू लागला, काय झालं? ओठांवर आलेलं एक छानसं खोटं मी गिळलं आणि सगळं सांगितलं. त्याच्या गोऱ्या मानेवर लाली चढत गेली. तो घरामागे गेला, गोणपाटाखालचं एक शाबूत मडकं उचलून आणलं, बराच वेळ फिरवून पाहिलं, आणि स्वतःच्या मुठीने चेपलं.

‘‘कुठं चुकलं?’’ त्याने म्हाताऱ्याला विचारलं.

म्हातारा चाकाजवळ उकिडवा बसला, त्याला मनगटाला धरून खाली ओढलं आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्यावर खेकसला, ‘‘बूड केवढं जाड करतं बे! बस इथं. अन् हात हलवू नको!’’