सुगंधाबाई आणि उघडा फिल्टर

चंद्रपूरला जटपुरा गेटच्या आतल्या बाजूला, ऑटोवाल्यांची कलकल जिथे उजाडताच सुरू होते, तिथल्या एका गल्लीत सुगंधाबाई राहतात. लग्न होऊन आल्या तेव्हाच त्यांना कळलं होतं, की या घरात एक सवत आधीपासून नांदते आहे. ती टेबलावर बसायची आणि सारखी टुकटुक करायची. त्यांचे यजमान देवराव तारखात्यात नोकरीला, आणि घरी आले की हौशी रेडिओवाले. सरकारी परवाना, स्वतःचा कॉल साइन, गच्चीवरून समोरच्या कडुनिंबापर्यंत ताणलेली तार. त्या तारेवर सुगंधाबाईंना कधी एक लुगडं वाळत घालता आलं नाही, आणि तो राग त्यांनी वर्षानुवर्षं अगदी जपून ठेवला.

रोज सकाळी चहाच्या वेळी देवरावांची गाठ पडायची ती इसरूभाऊंशी. इसरूभाऊ हेमलकशाच्या अलीकडच्या एका गावचे, जंगल खात्याच्या वायरलेसवरून रिटायर झालेले. मोर्सच्या ठोक्यांत दोघं बोलायचे तरी काय? तुमच्याकडे मोहाची फुलं पडायला लागली का, आणि आमच्याकडे धूळ किती झाली. एवढंसं बोलायला एवढी यंत्रं लागतात का, असं सुगंधाबाई विचारायच्या आणि उत्तर न ऐकताच स्वयंपाकघरात निघून जायच्या.

मग देवरावांचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू. आधी मोर्सचे बारीक ठोके गेले, मग दारावरची बेल, मग माणसं. कानातलं मशीन आणलं, पण ते लावलं की बायकोच्या आवाजाआधी मिक्सर आणि ऑटोच आत घुसायचे. मशीन कपाटात गेलं. कोणी काही विचारलं की ते भलतंच उत्तर द्यायचे, समोरचा हसायचा. म्हणून त्यांनी बोलणंच सोडलं, आणि एक दिवस रेडिओवर जुनी चादर टाकली.

शेजारणींना वाटलं, सुगंधाबाई सुटल्या एकदाच्या. पण खोटं कशाला बोला, त्या दिवशी सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, निवडता निवडता बाई रडल्या. घरातला आवाज गेला होता आणि त्याच्या मागोमाग माणूसही चालला होता. तो माणूस त्यांना परत हवा होता.

उन्हाळ्याच्या तोंडावर मुलगी नूतन नागपूरहून आली. ती इंजिनियर. सुगंधाबाईंनी तिला दारातच धरलं.

"तुह्या बाबाले आयकू येत नाई, पण दिसते तं ना? काईतरी कर बाई."

नूतनने चादर काढून रेडिओला लॅपटॉप जोडला. यात कानाचं काम नव्हतं. इकडे टाइप केलेली अक्षरं सुरांत बदलून हवेतून जायची आणि तिकडच्या पडद्यावर पुन्हा अक्षरं होऊन उमटायची. पडद्यावर एक निळा पट्टा वरून खाली सरकत राहायचा, त्यात बोलणाऱ्या प्रत्येक स्टेशनची एक पांढरी रेघ. ज्या रेघेवर बोट ठेवाल, तिचं बोलणं खाली वाचायला मिळे. इसरूभाऊंच्या सुनेने त्यांच्याकडेही अशी सोय करून दिली होती. तिला फोन लागला तेव्हा नूतनने रेडिओवरची जागा आणि वेळ ठरवून घेतली.

"मले नाई पायजे ते," देवराव म्हणाले आणि पलंगावर पाठ करून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकीच रेडिओपुढे बसल्या. रिसीव्हरचा फिल्टर नूतनने पूर्ण उघडा ठेवला. "हे रेडिओची खिडकी हाये, आई. डिजिटलले मोकळी ठेवायची. येईन ते येऊ दे, निवडायचं काम कॉम्प्युटरचं."

ठरल्या जागी केसासारखी बारीक रेघ उमटली. खाली अक्षरं आली: जोहार देव... सुगंधाबाईंनी टाळीच वाजवली. तेवढ्यात शेजारी कोणीतरी दांडगं स्टेशन बोलायला लागलं. त्याची जाडजूड रेघ आली आणि बारीक रेघ दिसेनाशी झाली. अक्षरांचा नुसता चिवडा. जाडी रेघ थांबली की बारीक वर यायची, ती आली की पुन्हा गायब. नूतनने कॉम्प्युटरमध्ये बरीच खटपट केली, पण काही जमेना.

सुगंधाबाई उठल्या, पलंगापाशी गेल्या आणि नवऱ्याचा खांदा हलवून ओरडल्या, "अवो, इसरूभाऊ बुडून राह्यले तिकडे!"

देवरावांनी मान वळवली. पडद्याकडे पाहिलं. इतके महिने रेडिओला हात न लावलेला माणूस तरातरा आला.

"फिल्टर काऊन उघडा ठेवला? दांडगा आवाज आत आला का रिसीव्हर आपले कान आपनच झाकून घेते. मंग बारीक आवाज कॉम्प्युटरले कुठून भेटन? शोधतानी उघडा ठेवाव, बोलतानी अरुंद कराव."

त्यांनी बटण हळूहळू फिरवलं. खिडकी लहान झाली, जाडी रेघ बाहेर राहिली. आत फक्त इसरूभाऊ उरले.

जोहार देवराव. कुठी होता इतके दिवस?

देवराव बराच वेळ ती ओळ वाचत होते. मग एकेका बोटाने त्यांनी टाइप केलं: इथीच. जय भीम. कान गेले.

माहे डोळे चालले, उत्तर आलं. सून वाचून दाखवते. मोह पडून राह्यला.

देवराव हसले. सुगंधाबाईंनी पदराने डोळे पुसले, आणि लेकीने पाहिल्यावर दोष सांबाराच्या जुडीवर ढकलला.

नूतन नागपूरला गेली, दुरुस्त करायला काही उरलं नाही, आणि देवराव पुन्हा पलंगावर पाठ करून बसले. चहा घेऊन आलेल्या सुगंधाबाई उभ्या राहिल्या. त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा त्या बटणाकडे. मग टेबलापाशी जाऊन लॅपटॉप चालू केला, बटण फिरवून फिल्टर सताड उघडा केला आणि सांबार निवडत बसल्या. बारीक रेघ आली, जाडी आली, बारीक बुडाली.

"अवो, बुडले पाहा!" त्यांनी नवऱ्याचा खांदा हलवला.

देवराव आले ते भडकूनच. "कोनं हात लावला? तुले किती डाव सांगू?" ओरडता ओरडता फिल्टर अरुंद केला आणि खुर्चीवर बसले. ओरडणं संपल्यावर बोलणं सुरू झालं, इसरूभाऊंशी आणि मग बायकोशीही.

तेव्हापासून हे रोजचंच झालं. भांडणात आयुष्यात कधी हार न गेलेली बाई सकाळी-सकाळी मान खाली घालून बोलणी खाऊ लागली. त्या बोलण्यांसारखं गोड त्यांना काही लागत नव्हतं.

पावसाळ्यात सुगंधाबाईंना ताप आला. सकाळी डोळा उघडला तेव्हा उशीर झाला होता. फिल्टर कालच्यासारखाच अरुंद होता. आता हे कशाला उठतील, या विचाराने त्यांचा जीव कासावीस झाला. उठायला गेल्या, पण अंगात त्राण नव्हतं. उघड्या दारातून बाहेरची खोली दिसत होती.

देवराव पलंगावरून उठले. स्वतःच लॅपटॉप चालू केला. बटणाकडे पाहिलं, थोडा वेळ थांबले आणि मग आपल्या हाताने फिल्टर सताड उघडा केला.

"सुगंधा!" ते ओरडले. "कोनं उघडा ठेवला हा फिल्टर? ये इथी, पाह्य!"

बाई कशाबशा उठल्या. शाल लपेटून, भिंतीला धरत टेबलापाशी आल्या आणि मान खाली घालून म्हणाल्या, "चुकलं जी."

देवरावांच्या खुर्चीला लागून दुसरी खुर्ची ओढून ठेवली होती.