मालनताईंच्या कांडपावर

मालनताई गेल्याचं कळलं तेव्हा मी नाशिकमध्ये एका पत्रकाची मुद्रितं तपासत होते. सिन्नरहून आईचा फोन आला. "कांडप बंद हाय आज," एवढंच ती आधी म्हणाली. मला वाटलं, वीज गेली असेल. ऐन चैत्रात, मिरचीच्या दिवसांत, ते कांडप दुसऱ्या कशानं बंद राहणं शक्यच नव्हतं. मग ती म्हणाली, "मालनताई गेल्या."

मालनताईंचे यजमान एसटीत ड्रायव्हर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी बायकोला पाटल्या करायचं ठरवलं, तर तिनं मिरची कुटायचं यंत्र मागितलं. पत्र्याच्या खोलीत लोखंडी मुसळं धाडधाड पडायची आणि नाकाला पदर लावून बायका नंबराची वाट बघत बसायच्या. वर्षाचा मसाला उन्हाळ्यात एकदाच कुटतात, म्हणजे प्रत्येक बाई वर्षातून एकदा तिथे येणारच. मालनताईंनी ते बरोबर हेरलं होतं. शिलाई करणारी असो, पापड लाटणारी असो की बांगड्या विकणारी, मिरची टाकण्याआधी प्रश्न ठरलेला : मागच्या उन्हाळ्यात म्हणालीस ते झालं का, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत काय? सगळं तोंडी, चारचौघींसमोर. हे कधी कधी मनाला लागायचंही. सासू अंथरुणाला खिळल्यामुळे जिचा शिवणक्लास बंद पडला होता, अशी एक बाई तिथेच रडली. तिचा मसाला मालनताई स्वतः तिच्या घरी घेऊन गेल्या, सासूचे पाय चेपत बसल्या. पुढच्या वर्षी प्रश्न मात्र विचारलाच.

माझे वडील सिन्नरच्याच एका कारखान्यात होते. युनियनची पत्रकं तेच लिहायचे आणि मी ती वाचतच वाढले. कारखान्याला टाळं लागलं त्या उन्हाळ्यात आई जास्तीची मिरची घेऊन कांडपावर गेली. मी सोबत होते.

"एवढी कशाला गं सुमन? जेवणावळ घालतीस का?"

"विकून बघते ताई. जमेल तसं."

"जमेल तसं नावाचं गाव ऐकलं नाय मी. आमच्या ह्यांच्या गाडीला पाटी असती. बिनपाटीच्या गाडीत कोण बसंल?"

आईनं सुपातल्या मिरच्या चाळवल्या. मग म्हणाली, दुसऱ्या कारखान्यातल्या कामगारांच्या मेसला काळा मसाला द्यायचाय. मालनताई लगेच म्हणाल्या, "कधी जातीस? सोमवारी? मग सोमवारी संध्याकाळी हितं ये. नकार आला तरी येऊन सांग."

मी भडकले. कारखाना बंद करणारे मोकळे, आणि जिद्द दाखवायची ती बायकांनी? मालनताईंनी मिरचीनं लाल झालेले हात झटकले. "बराबर हाय तुझं पोरी. तू त्यान्ला विचार, मी हिला विचारते. दोघी बी विचारत ऱ्हाऊ." ते उत्तर खोडून काढेल असं वाक्य मला कुठल्याच पत्रकात सापडलेलं नाही.

सोमवारी मेसवाला आईला म्हणाला, घरच्या पुरुषमाणसाला पाठवा. संध्याकाळी आईनं हे कांडपावर सांगितलं, तसे सोबत आलेले वडील लगेच चपला घालून निघाले. मालनताईंनी त्यांना दारातच अडवलं. "दादा, तुमचं भाषण लय भारी असतं. पण हा मसाला तुम्ही नाय भाजला." आणि आईला म्हणाल्या, "शेठचं तोंड कशाला बघतीस? रस्सा शिजताना जा, आचाऱ्याला चव दाखव." आई गेली. आचाऱ्यानं मूठभर मसाला पातेल्यात टाकला... त्या वर्षी आमचं घर त्या मसाल्यावर चाललं.

आता हॉल घेऊन सभा भरवतात, 'मोठी स्वप्नं पाहा' म्हणून बायकांना सांगतात आणि चहा पाजून घरी धाडतात. उद्या कुणाच्या दारात जायचं आणि तिथून हाकललं तर कुणाकडे यायचं, हे त्यांना कुणी सांगत नाही. मालनताई स्वप्न हा शब्द कधी वापरायच्या नाहीत. संध्याकाळी कांडपावर हजर मात्र असायच्या.

गेल्या उन्हाळ्यात आईनं त्यांना शब्द दिला होता : नाशिकच्या दुकानात स्वतःच्या नावाचं मसाल्याचं पाकीट. आधी तिनं आळस केला, मग तिला आजारपण आलं, आणि तेवढ्यात मालनताई गेल्या. छापलेली पाकिटं तशीच पडून होती. "आता विचारणार कोण," आई म्हणायची, आणि मला पहिल्यांदाच ती थकलेली वाटली. दिवसकार्य झाल्यावर एका सकाळी मात्र ती पाकिटांची पिशवी घेऊन नाशिकला माझ्याकडे उतरली. रविवार कारंजावरच्या दुकानदारानं पाकीट उलटसुलट केलं आणि परत दिलं. नावाजलेलाच माल ठेवतो, म्हणाला. मी तिला मुक्कामाला थांब म्हटलं, पण ती ऐकेना. म्हणून मीही तिच्यासोबत सिन्नरच्या गाडीत बसले.

स्टँडवर उतरून ती घरी न जाता सरळ कांडपावर गेली. मालनताईंची सून जयश्री यंत्र पुसत होती. ती मितभाषी, आल्यागेल्याची मिरची कुटून द्यायची, इतकंच. आई दारात उभी राहिली. कुणाला सांगतेय हे तिलाही ठाऊक नसावं.

"नाही म्हणाला," ती बोलली. "बुधवारी दुसऱ्या दुकानात जाते."

जयश्रीनं फडकं खाली ठेवलं. पदरानं कपाळ पुसलं.

"संध्याकाळी सातपर्यंत उघडं ठेवते मी, सुमनकाकू," ती म्हणाली. "उशीर झाला तर मागच्या दारानं या."