तोंडाचा वास

मोखाड्याच्या बाजारात माणसं माझं तोंड हुंगतात. उघड नाही. बोलता बोलता नाक जरा पुढे करतात आणि शेजारच्याकडे बघून हसतात. त्या नाकांची मला किळस येते, आणि हनुवटीवर ओघळणाऱ्या माझ्याच लाळेची त्याहून जास्त.

कंपवातासाठी मुंबईत माझ्या मेंदूत तारा घातल्या, छातीच्या कातडीखाली सेल बसवला. पहिली काही वर्षं हात शहाण्यासारखा वागला. मग आजार वाढला, तसा करंट वाढवत नेला. हात थांबला, पण जीभ जड झाली. शब्द चिकट होऊन बाहेर पडतात, चालताना झोक जातो. डॉक्टर म्हणाले, दोन्ही मिळणार नाहीत, रिमोटवर थोडं कमीजास्त करत जा. इकडं आड, तिकडं विहीर. आमच्याकडे असं बोलणाऱ्या माणसाचं एकच निदान होतं: मोहाची चढली. माझा बाप त्याच दारूने गेला, म्हणून मी आयुष्यात थेंब घेतला नाही. तरी जीपवाला मला कडेला बसवतो. ओकीन म्हणून.

मुलीला बघायला जामसरहून पाहुणे यायचे होते. मुलीचा बाप बेवडा म्हणून सोयरीक मोडू नये, एवढंच माझ्या डोक्यात. बायको म्हणाली, "तुमी गप ऱ्हा नुसतं." मी कसला गप बसतोय! जीप दारात थांबायच्या आधीच करंट उतरवला. पाहुण्यांशी भाताचं, नाचणीचं स्वच्छ बोललो. मग चहा आला. कप उचलला आणि हात सुटला. बशी वाजायला लागली, चहा मांडीवर सांडला.

मुलाचा बाप हाताकडे बघत राहिला. मग मायेने म्हणाला, "आज आमच्यापायी घेतली नाय ना, सोयरं? घ्या वाईच. हात थांबंल."

त्याने पिशवीतून बाटली काढली. सोयरीक पक्की झाली की दोन्ही बाप एका बाटलीतली घेतात, ही आमची रीत. म्हणजे जमलं होतं. तारांचं सांगायला तोंड उघडलं, तर दारात मुलगी हसत उभी दिसली. मुलाच्या बापानेच पेला माझ्या ओठांना लावला. घोट वर येत होता, तो मी परत गिळला. माझ्या बापाच्या अंथरुणाला यायचा तोच हा वास. शिसारी आली. थरथर बघवेना, म्हणून दुसऱ्या हाताने खिशातल्या रिमोटवर करंट परत चढवला.

थोड्या वेळाने हात थांबला.

"बघा," तो म्हणाला, "थांबला का नाय?"

मी सांगायला गेलो, पण जीभ पुन्हा जड झाली होती. आणि आता तोंडाला खरंच वास येत होता.