दहा पावलं मागून

निर्मलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात रुईच्या माळा ओवत बसले होते. विद्यापीठाच्या नगरमधल्या ऑटिझम केंद्रातली मुलगी बोलत होती, "ताई आज सकाळी उठल्याच नाहीत..." मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. बरं! माणूस गेल्यावर कुणी बरं म्हणतं का? पण तोंडातून तेवढंच निघालं. समोरच्या गिऱ्हाइकाला तेल दिलं, माळ दिली, आणि मग सगळा बाजार पाण्याखालून ऐकू आल्यासारखा झाला. याला आता दीड महिना होत आला. अजूनही काम करता करता मी मधेच तशी बुडते.

ताई त्या केंद्रात आमच्यासारख्या आयांना शिकवायच्या. माझी मुक्ता तेव्हा सहा वर्षांची होती. बोलायची नाही, हाक मारली तर बघायची नाही, आणि माझी पाठ वळली की घरातून निघून जायची. चार वर्षांची असताना एकदा शेतातल्या विहिरीच्या काठावर सापडली. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही शिरतच नव्हतं. एक दिवस मला पोहोचायला उशीर होणार, एवढंच. केंद्रातल्या पहिल्या बैठकीला ताईंनी सगळ्यांना एक छापील कागद वाटला. पहिलीच सूचना होती, घराच्या दाराला मुलाचा हात पुरणार नाही इतकी उंच कडी लावा. माझं डोकंच फिरलं.

"मॅडम, मी शनिशिंगणापूरची हाय. आमच्या घराला चौकट हाय, दार न्हाई. कडी काय हवेला लावू?"

बाकीच्या आया खो खो हसल्या. ताई नाही हसल्या. कागदावरची ती ओळ खोडत म्हणाल्या, "चुकलं माझं. घर न बघताच लिहून मोकळी झाले. गुरुवारी येते." मी मनात म्हटलं, येतेय कसली! असं सांगून गेलेले पुष्कळ पाहिलेत. पण गुरुवारी बाई खरंच एसटीतून उतरल्या, खांद्याला पिशवी, पायात साधी चप्पल, कपाळावर घाम.

घरात आल्या आणि त्यांना पहिल्यांदा काय दिसलं असेल, तर मुक्ताचा पाय. तो मी ओढणीनं खाटेला बांधला होता. खोटं कशाला सांगू? मला वाटलं, आता ही बाई मला फाडून खाणार. त्यांनी खाली बसून गाठ सोडली आणि म्हणाल्या, "आज तिला जाऊ दे. आपण मागून जायचं. दहा पावलं मागून, हाक मारायची नाही."

"आणि विहीर?"

"म्हणून तर दोघी चाललोय."

ती दुपार मला अजून स्वप्नासारखी आठवते. चौकटीवरचा पडदा हलला, मुक्ता उन्हात उतरली. रस्ताभर भाविक, तेलाचा वास, कर्ण्यावरची आरती, आणि त्या सगळ्यातून ती एकटी, कुणाला न शिवता, आपल्याच तंद्रीत. मागून आम्ही दोघी, न बोलता. हळूहळू मलाही वाटायला लागलं की रस्ता आपोआप सरकतोय, आपण फक्त उभ्या आहोत. मुक्ता बबनतात्यांच्या पिठाच्या गिरणीपाशी थांबली. भिंतीला दोन्ही तळवे लावले, मग गाल लावला. गिरणीच्या घरघरीनं भिंत थरथरत होती. माझ्या पोरीचा इतका निवांत चेहरा मी तोवर पाहिला नव्हता. किती वेळ गेला कुणास ठाऊक...

मग लाईट गेली. गिरणी थांबली. मुक्तानं गाल काढला आणि सरळ शेताच्या वाटेला लागली. ती वाट विहिरीची. शेतीची लाईट वेगळी, विहिरीवरची मोटार चालूच होती. मी पळत जाऊन तिला धरलं. ताई मागून धापा टाकत आल्या.

"अगं, तिला पाणी नकोय. तिला ती घरघर हवीये."

दोन वर्षं मी पोरीला पाण्याची ओढ आहे म्हणून घाबरत होते, आणि या बाईंना एका दुपारी कळलं! खरं सांगते, आधी मला रागच आला. मग तिथंच वाटेत रडले.

ताईंनी विहिरीच्या मालकाकडून जाळी बसवून घेतली. बबनतात्यांना सांगितलं, लाईट गेली की मुक्ताच्या आईला आवाज द्यायचा. "एवढंच व्हय? देतो की," तात्या म्हणाले. पुढचे कित्येक गुरुवार ताईंनी आमच्या रस्त्यावरच्या दुकानदारांना शिकवलं. हात ओढायचा नाही, घोळका करायचा नाही, ती निघाली की पुढच्या दुकानाला सांगायचं. आणि केंद्रातला कागदही बदलला. आता त्यावर पहिली सूचना आहे, आधी मुलाच्या मागून चालून बघा.

गुरुवार मात्र चुकला नाही. गुडघे दुखायला लागले तरी ताई यायच्या, चहा घ्यायच्या आणि आम्हा दोघींच्या मागून चालायच्या. पुढे मुक्ता, मग मी, शेवटी ताई, "पुढं व्हा गं, मी आहेच मागं" म्हणत.

मुक्ता आता अकरा वर्षांची आहे. ताई गेल्या हे तिला सांगायचं कसं, ते कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलेलं नाही. मी सांगितलंच नव्हतं. गेल्या गुरुवारी ती उठली, निघाली. मी मागून. गिरणी चालू होती तरी ती तिथे वळली नाही. रस्त्याच्या मधोमध थांबली आणि तिनं मागे पाहिलं. पोरीनं जन्मात कधी मागे वळून पाहिलं नव्हतं. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या पाठीमागे बघत होती.

"ताई आता यायच्या न्हाईत गं, मुक्ता," मी म्हणाले, आणि पहिल्यांदाच मला हुंदका फुटला. दीड महिन्यात पहिल्यांदा. तिला कळलं की नाही, मला माहीत नाही. पण ती पुढे गेली नाही. माझं रडणं आवरेपर्यंत, मी पाऊल उचलेपर्यंत, ती तशीच उभी राहिली.