गोग्रासाची पिशवी

आखाती देशातल्या रुस्ताक गावच्या खजुराच्या बागांना लागून असलेल्या एका घरात प्रमिलाबाई आपल्या मुलाकडे राहतात, त्यास आता सहा वर्षे झाली. मूळच्या त्या चिपळूणजवळच्या. यजमान गेल्यावर मुलगा सतीश त्यांना इकडे घेऊन आला. इथले ऊन त्यांनी सोसले, मोडक्यातोडक्या हिंदीवर शेजारही जोडला. परंतु एक गोष्ट त्यांच्या मनाला सतत खात असे. जेवणाआधी गाईसाठी काढलेला घास घालायचा कोणाला? इथे दारात गाय येत नाही.

शेवटी त्यांनीच तोड काढली. शेजारच्या बिलकीसच्या शेळ्या सकाळी गल्लीत मोकळ्या हिंडत. वरणभात, पोळीचा तुकडा आणि वर तूप असा घास प्रमिलाबाई भाजीच्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीत भरत, तोंडाला गाठ मारत आणि कोणी तो कचरा समजू नये म्हणून गाठीवर लाल दोरा गुंडाळत. पिशवी भिंतीपाशी ठेवून त्या आत येत. घटकाभराने पाहावे तर तिथे काहीच उरलेले नसे. घास पोचला, या समाधानाने त्या पानावर बसत. पिशवीचे काय होते, हा प्रश्न त्यांच्या मनाला कधी शिवला नाही.

गेल्या फाल्गुनात बिलकीसची तांबडी शेळी चारापाणी सोडून बसली. ती गाभण होती, तरी पोट गाभण शेळीपेक्षाही अवाढव्य फुगले होते. सुदानी पशुवैद्य आले. त्यांनी अंगणातच तिची कूस बधिर करून पोट उघडले, हात आत घातला आणि नारळाएवढा एक गोळा बाहेर काढला. बिलकीसने तो पाण्याने धुऊन प्रमिलाबाईंच्या हातावर ठेवला.

तो दगडासारखा टणक होता. पिशवीवर पिशवी, दोरीवर दोरी, असे थरावर थर घट्ट बसले होते. एवढ्याशा जिवाने हा दगड पोटात वागवला, आणि त्याच्याच शेजारी करडूही वाढवले, या विचाराने प्रमिलाबाई थक्क झाल्या. त्यांनी गोळा उलटा केला. कडेला एक गाठ होती. गाठीवर लाल दोरा होता, आणि त्याचा रंग जराही उडाला नव्हता.

तो दोरा कोणाचा, हे दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हते. गप्प राहणे सोपे होते.

"बिलकीस," त्या म्हणाल्या, "ये धागा मेरा है." आणि गाईच्या घासाची सारी हकिकत त्यांनी जमेल तशी सांगितली.

बिलकीसने त्यांच्या हातातला गोळा घेऊन तो दोरा नखाने उचकटून पाहिला. "अम्मा, तुम्हारा भगवान थैली समेत खाता है क्या?"

प्रमिलाबाई तिथेच जमिनीवर बसल्या. डॉक्टर टाके घालून हात धूत म्हणाले की तीन दिवस काही सांगता येत नाही.

"इन्शाल्ला बचेगी," बिलकीस म्हणाली. तिचा आवाज अजून कोरडाच होता. "बच गई तो चारा तुम खिलाना. हाथ से."

दुसऱ्या दिवशी सून उत्तरा ऑफिसच्या डब्यासाठी उकळती आमटी आइस्क्रीमच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डब्यात ओतत होती. प्रमिलाबाईंनी तिचा हात धरला.

"आई, हा चांगला डबा आहे. शेळी नाही खाणार तो," उत्तरा हसून म्हणाली.

"शेळी नाही, आपण खातो. एवढ्या गरम आमटीत त्यातले काय उतरते, ते तुला दिसते का? मलाही दिसत नाही. न पाहता मी आजवर पुष्कळांना खाऊ घातले."

उत्तराचे हसू मावळले. तिने माळ्यावरून स्टीलचे डबे काढले. भाजीसाठी जुन्या साडीच्या पिशव्या प्रमिलाबाईंनी त्याच दुपारी शिवायला घेतल्या.

"मग ताक ओंजळीत आणू का?" सतीशने विचारले.

"किटली आहे घरात. तुझ्या वडिलांना तिची कधी लाज वाटली नाही."

तीन दिवस त्या देवापुढे बसल्या, पण घास मात्र काढला नाही. कोणत्या तोंडाने काढावा, हे त्यांना सुचेना.

चौथ्या सकाळी भिंतीपलीकडून हाक आली. "अम्मा, यल्ला, चलो."

शेळी उभी होती. पाय थरथरत होते, कुशीवर टाक्यांची काळी ओळ होती. बिलकीसने हिरव्या चाऱ्याची एक मूठ प्रमिलाबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती पुढे केली. शेळीने वास घेतला आणि मान फिरवली. प्रमिलाबाई हलल्या नाहीत. ज्या हाताने आपल्याला मरणाच्या दारात नेले तो हात ओळखण्याचा तिला पुरा अधिकार आहे, असे त्यांना वाटले.

मग मान वळली. उष्ण, ओलसर ओठ तळहाताला लागले. एक काडी गेली, पुढे दुसरी. जबडा सावकाश फिरू लागला आणि टाक्यांच्या ओळीखाली, पोटाची कातडी उचलली गेली, करडू हलले. प्रमिलाबाईंनी ते डोळ्यांनी पाहिले. मूठ रिकामी झाली तरी त्यांचा हात तसाच पुढे होता.

"और दूँ?" बिलकीसने विचारले.

त्यांनी होकारार्थी मान डोलावली आणि दुसरी मूठ घ्यायला हात मागे नेला.